हात नको लावू

कोरोनात माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून आई रडलीच नव्हती. त्याचा विषय निघाला की ती उठायची आणि मशीनवर जाऊन कुणाच्या तरी साडीला फॉल लावत बसायची. आर्णीतले लोक म्हणायचे, बाई मोठी खंबीर आहे हो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कसली खंबीर! आतल्या आत संपत चालली होती ती. तिनं एकदा धाय मोकलून रडावं, एवढंच मला हवं होतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. कलेच्या इतिहासाच्या परीक्षेत मला एका चित्रावर बोलायचं होतं. बरोक काळातलं, तपकिरी शाईचं रेखाटन. यवतमाळहून त्याची मोठी प्रिंट काढून आणली होती. प्रसंग बायबलातला. येशूला पुरलंय आणि कबर रिकामी सापडलीय. त्याची एक शिष्या तिथं रडतेय. समोर कुणी उभा राहतो, तिला वाटतं बागेतला माळी असेल. तो नावानं हाक मारतो, तेव्हा कुठे तिला ओळख पटते, हा तर येशूच, जिवंत. ती हात पुढे करते, आणि तो म्हणतो, मला स्पर्श करू नकोस. श्रद्धेला स्पर्शाची गरज उरत नाही, असा त्याचा अर्थ पुस्तकात दिला होता, आणि मी तो घोकत होते.

दुपारी आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

"हा वावरातला गडी हाये काय? फावडं हाये त्याच्या हातात."

"तिलेबी तसंच वाटलं," मी म्हणाले. किती दिवसांनी तिनं आपणहून काही विचारलं होतं! मी उत्साहानं सगळी गोष्ट सांगितली. गेलेला माणूस पुन्हा भेटला म्हटल्यावर ती कागदावर वाकली.

"मंग? काय म्हणे तो तिले?"

इथं मी अडखळले. आमच्या बोलीत सरळ शब्द आहे, शिवू नको. पण आमच्या घरात तो चालत नाही. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हाच तो उंबऱ्याबाहेर टाकला. ऐकला तेवढा पुरे झाला, म्हणाले. आई जन्मभर कपडे शिवत आली, तरी 'शिवते' म्हणत नाही, 'सिलाई करते' म्हणते. म्हणून मी जपून दुसरा शब्द काढला.

"हात नको लावू, म्हणे."

आई कागदावरून मागं सरली. मग म्हणाली, "तोबी असाच म्हणे."

"कोण वं?"

"दवाखान्यातला. किटवाला. मावशी, हात नका लावू, दुरून पाहा."

मला हे ठाऊकच नव्हतं. तेव्हा मी स्वतः पॉझिटिव्ह, घरातच एका खोलीत कोंडलेली. भावाला प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेलं, एवढंच कानावर आलं होतं. शहाणपणानं एक शब्द टाळला आणि तिच्या उरावर नेमका दुसरा घातला. मी घाईघाईनं काहीबाही बोलू लागले, श्रद्धा, स्पर्शापलीकडचं प्रेम, पुस्तकातलं सगळं.

"चूप बस," आई म्हणाली. तिनं चित्रावर बोट ठेवलं. त्या बाईचा हात आणि तो माणूस यांच्यामध्ये चित्रकारानं कागद कोराच सोडला होता.

"मंग तिनं आयकलं काय त्याचं?"

"आयकलं. बाकीच्यायले सांगाले गेली ती."

"लावलाच नाही हात?"

"नाही."

"म्याबी आयकलं." तिनं चष्मा काढला. "एकटा होता तो किटवाला पोट्टा. माह्यापेक्षा जास्त भेलेला. मी पुढं गेली असती त काय करत होता तो? तोंड तेवढं उघडं होतं वं आपल्या लेकराचं. कायले आयकलं म्या?"

आणि ती रडली. मला हवी होती तशी, धाय मोकलून. रडली की मोकळी होईल, असं मी धरून चालले होते. कसलं काय! मशीन आता बंदच आहे. मी ताट वाढून समोर बसते, ती ताटाकडे बघत नाही, माझ्याकडे बघते.

"दुरून पाहून कोणती माय घरी येते वं?"