बारवेच्या पायऱ्या

तो लेख मी वाचला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण वर्षभर मी स्वतःलाही वेगळंच सांगत आलो.

लातूरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो. उरलेल्या वेळात इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशातले मध्ययुगीन इतिहासाचे लेख तपासतो. प्रत्येक लेखाला दोन शेरे द्यायचे, एक दर्जाचा, एक महत्त्वाचा. हौसेचं, बिनपगारी काम. सुरुवातीला मी लेख वाचायचो. पुढे ढीग वाढला, डोळे शिणले, आणि मी सरळ तळाशी जाऊन संदर्भ बघू लागलो. संदर्भ भरपूर असले की दर्जा चांगला. विषय माझ्या नोट्समध्ये असला की महत्त्व जास्त.

कंधारच्या एका निवृत्त गुरुजींनी भोकरकडच्या जुन्या बारवेवर, पायऱ्यांच्या विहिरीवर, लेख लिहिला होता. तळाशी नऊ संदर्भ, सगळे निजामाच्या काळातल्या उर्दू पुस्तकांचे. मला उर्दू येत नाही. माझे वडील उर्दूतून शिकले, पण मी त्यांना कधी एक अक्षर विचारलं नाही. मी शेरा दिला: 'दर्जा प्राथमिक. महत्त्व कमी. संदर्भ तपासता येत नाहीत.' तो शेरा बघून कुणीतरी लेखच काढून टाकला आणि तालुक्याच्या पानावर बारवेची एक ओळ ठेवली. त्यानंतर गुरुजींनी काहीच लिहिलं नाही.

नांदेडला लिहिणाऱ्यांची एक बैठक झाली, तिथे ते भेटले.

"सर, लेख वाचलाव का हो तुम्ही?"

"वाचला की."

"मग पायऱ्या कोणत्या अंगाला हायत?"

मी चहाचा कप पुढे ओढला. ते हसले. "असू द्या. चहा घ्या, गार व्हायलाय."

तो चहा तसाच ठेवून मी निघालो. नंतर कॉलेजातल्या उर्दूच्या मॅडमना विनंती केली. त्यांनी ती पुस्तकं मिळवून माझ्यासाठी दोन दुपारी वाचली. नऊच्या नऊ संदर्भ बरोबर होते, पानांच्या आकड्यांसकट. मी लेख परत आणवला, दोन्ही शेरे बदलले. त्याला काही मिनिटं लागली. तेवढ्यानं बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

शेवटी एका रविवारी कंधारची बस धरली. दार गुरुजींच्या बायकोनं उघडलं. मी कोण, कुठून आलो ते सांगताच त्यांनी आत हाक मारली, "अहो, ते कमी महत्त्ववाले सर आलेत! तुमच्या लिखाणाच्या वह्या माळ्यावर गेल्या त्या यांच्यामुळंच ना?"

"आत तर येऊ दे की त्यांना," गुरुजी म्हणाले.

मी बसलो नाही. बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोलून परत आलो असतो.

"गुरुजी," मी म्हणालो, "पायऱ्या पूर्वेला आहेत. हे मला आत्ता, लेख वाचल्यावर कळलं. तेव्हा मी लेख वाचलाच नव्हता, आणि नांदेडला तुमच्या तोंडावर खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ करा."