पेंढ्याखालचा परदेशी

माझ्या बागेच्या राखणदाराला मी पोलिसांपासून लपवलं. लपवायची काहीएक गरज नव्हती.

राखणदार नेपाळी. मिठबावच्या आमच्या आंब्याच्या बागेत तो दरवर्षी मोहराला येतो आणि पाऊस तोंडावर आला की गावी जातो. सोबत बायको, दोघांचा संसार बागेतल्या खोपीत. इतके हंगाम इथे काढून त्याची मालवणी माझ्यापेक्षा तिखट झाली आहे.

त्या एप्रिलात बातम्या सुरू झाल्या. कागदपत्रांशिवाय आलेल्या परदेशी माणसांना पकडतायत. त्यांना चोरून आणणाऱ्यांना आणि आसरा देणाऱ्यांनाही तुरुंग. मी मोबाइलवर तो कायदा अर्धा वाचला. अर्धा वाचलेला कायदा मला नेहमी पूर्ण समजतो. टपरीवर चहा पिताना मी तो इतरांना समजावूनही दिला. घरी येताना मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, नेपाळ म्हणजे परदेशच की! म्हणजे राखणदाराला नेणार, त्याची बायको भर हंगामात उघड्यावर पडणार, आणि मी आत.

दुसऱ्याच दिवशी बागेच्या दगडी गडग्याशी पोलिसांची जीप थांबली. मी राखणदाराला ओढत आंब्यांच्या खोलीत नेलं, पिकत घातलेल्या अढीशेजारी आडवा केला आणि वर भाताचा पेंढा पसरला.

"पण मिया केलंय काय?" पेंढ्याखालून त्यानं विचारलं.

"तू परदेशी आसंस. गप रव."

फौजदार आणि हवालदार आत आले. "बागेत बाहेरचं कोणी कामाला आहे का?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायचं ना? "आणि या खोलीत तर नाहीच."

फौजदार खोलीभर नजर फिरवू लागले. हवालदार आंब्यांच्या वासानं हैराण झाला होता. त्यानं वाकून अढीतला एक पिवळाधमक हापूस उचलला. त्यासरशी पेंढ्यातून एक हात वर आला आणि त्यानं हवालदाराचं मनगट धरलं.

"मेल्या, ठेव तो आंबो!"

हवालदार असा ओरडला की कुणकेश्वरपर्यंत ऐकू गेलं असेल. राखणदार उठून बसला, केसांत पेंढा घेऊन. समोर वर्दी दिसली तरी पकड ढिली नाही. आंबा अढीत परत गेला, तेव्हाच मनगट सुटलं.

"हा कोण?" फौजदारांनी विचारलं.

"परदेशी," मी रडवेल्या आवाजात कबूल केलं. "नेपाळी."

"शिवी तर इथलीच आहे."

राखणदारानं खिशातून आपलं नेपाळचं ओळखपत्र काढलं. ते पाहून फौजदार मला म्हणाले, "अहो, नेपाळच्या माणसाला इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. कामगारांची माहिती ठाण्यात द्या, एवढंच सांगायला आलो होतो. पण तुम्ही पोलिसांपासून माणूस लपवलात. त्याचं काय करू?"

मी हात जोडले. मनगट चोळत हवालदारच म्हणाला, "साहेब, ह्यांका सोडा. पण हो माणूस आपल्या चौकीवर राखणीक दिया."

फौजदार इतके हसले की मला नुसता दम देऊन सोडलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शेजारचे बागायतदार हवालदाराला धरणारा राखणदार बघायला आले. तो खोपीसमोर राजासारखा बसला होता आणि मागेल त्याला मनगट धरून दाखवत होता. त्याची बायको हसून हसून बेजार. मीही घरी छाती काढून सांगितलं, "पेंढ्यात त्याला बसवला कोणी? मीच ना!"

माझी चुलती मासे साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आंब्यांक राखणदार बरो गावलो रे तुका. पण तुझ्या तोंडाक कोण राखतलो?"