पप्पांच्या माईकमधला ढोल

उत्तनला आमच्या गल्लीत दुपारी सुकत्या बोंबलांचा वास आणि क्लॅरिनेटचा आवाज एकत्रच घरात येतात. पप्पा लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. इलेक्ट्रॉनिक्स शिकतेय, म्हणून सरावाचं रेकॉर्डिंग आपसूक माझ्याकडे आलं.

जुन्या कॉम्प्युटरला मी दोन स्वस्त साउंड कार्डं लावली. एकावर सगळा बँड, दुसऱ्यावर फक्त पप्पांच्या जवळचा माईक. तासभर सलग वाजवलं. दोन्ही रेकॉर्डिंग एकत्र लावून ऐकताना सुरुवात छान वाटली, पण शेवटाकडे पप्पांचे सूर ढोलाच्या मागे राहू लागले, कुणी ओल्या वाळूतून चालत यावं तसे. ढोलवाले काका म्हणाले, "म्हातारा झालास रे." सगळे हसले. पप्पा हसले नाहीत. पुढच्या लग्नाला दुसरा माणूस बघा, असं सांगून ते उठले.

मला ते खरं वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी नुसती ऐकत पडून राहिले. झोप आणि सूर यांच्यातलं अंतर पुसट होत गेलं. मग, का कोण जाणे, बँडचा आवाज बंद करून फक्त पप्पांचा माईक लावला. त्यात लांबून, पाण्याखालून यावा तसा, ढोलही ऐकू येत होता. आणि पप्पा त्याच्या बरोबर होते. अगदी शेवटपर्यंत.

प्रत्येक कार्डात एक इवलासा क्रिस्टल असतो, तेच त्याचं घड्याळ. दोन घड्याळं कधी अगदी सारखी धावत नाहीत. तासाभरात तो फरक कानाला कळतो.

पप्पांच्या कानात इअरफोन घालताना मी अडखळले. "पप्पा, तू न्हाय चुकलास. कार्डाचं घड्याळ चुकलंय."

ते डोळे मिटून ऐकत राहिले. "ह्यो ढोल माझ्याच माईकातला?"

"हो."

"मंग मी हाय की तिथं."

दुसऱ्या कार्डाचा क्रिस्टल काढून त्याच्या जागी मी पहिल्याच्या क्रिस्टलपासून बारीक तार जोडली. आता दोन्ही कार्डं एकाच घड्याळावर चालणार होती. रविवारी पुन्हा तासभर वाजवलं, मग रेकॉर्डिंग ऐकलं. शेवटचा सूर आणि ढोल एकत्र पडले. काका म्हणाले, "तुझी मशीनच म्हातारी निघाली, बाय."

मग त्यांनी हळूच पप्पांना विचारलं, की पुढच्या लग्नाला सांगितलेल्या त्या दुसऱ्या माणसाला नको म्हणून कळवू का. पप्पांनी क्लॅरिनेटची वेताची पातळ पट्टी ओली करायला तोंडात धरली होती. त्यांनी नुसती मान हलवली, हो.