बाहेरची कडी

"हा आमचा गर्दुल्ला," साहेब माईकवर म्हणाले. "टाळ्या!"

टाळ्या झाल्या. साहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता. म्हणजे फोटोत खांद्यावर दिसेल असा, खांद्यापासून वीतभर वर. आणि मी काय केलं? कमरेत वाकून मुजरा केला. जणू शाल-श्रीफळच मिळालं. लोक हसले. मलाही बरं वाटलं. त्या मांडवात एवढा गाढव मी एकटाच, आणि मांडवाचं सामानही माझ्याच टेंपोतून आलेलं.

खालापूर तालुक्यात साहेबांचं फार्महाऊस. तिथं व्यसनमुक्तीचा कार्यक्रम. मुंबईचे पाहुणे पुढच्या रांगांत, त्यांना चिनीमातीचे कप. आम्ही नशेतून सुटलेले मागे, आम्हाला कागदी. कागदी कप आम्ही गर्दुल्ले म्हणून, की आमच्यातले बरेचजण भिसेगावच्या बुद्धविहारातून आलेले म्हणून, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. उलट म्हणालो, "आमचं बरंय, विसळायचा ताप नाय." त्यावरही हसले. माझ्या वाक्यांना तिथं भाव होता.

स्टेजवर मोठा बॅनर. 'दार उघडं ठेवा.' खाली साहेबांचा फोटो.

हे वाक्य साहेबांचं नव्हतं. आमच्या सुमनकाकीचं होतं.

काकीचा मुलगा माझ्याच वयाचा. आम्ही एकत्रच बिघडलो. मी टेंपो चालवायचो, तो माझ्याबरोबर यायचा. एक दिवस त्यानं खोलीची कडी आतून लावली, गोळ्यांवर ब्राउन शुगर ओढली. काकी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. आतून घोरण्याचा आवाज येत होता. "बरा झोपला म्हनून मी हाक नाय मारली," काकी सांगते. डोळे कोरडे. प्रत्येक वेळी तेवढंच सांगते. घोरणं थांबलं तेव्हा तिनं दार ठोठावलं.

त्यानंतर ती आमच्या घरी आली आणि माझी कॉलर धरून मला विहारात नेलं. तिथं आमची रविवारची बैठक सुरू झाली. कुणाला उपदेश नाही. नियम मात्र कडक. कडी लावायची नाही. मोरीचीसुद्धा. पुन्हा घेतलीस तर घेतलीस, पण एकट्यानं बंद दाराआड नाही. सुटल्यावर मध्ये काळ गेला की पूर्वीएवढीच शरीराला झेपत नाही, माणूस तिथंच आडवा होतो. आणि घोरतोय म्हणून कुणाला सोडायचं नाही. हलवायचा, हाक मारायची. उठला नाही तर तोंडात पाणी, लिंबू काही घालायचं नाही. १०८ लावायचा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचा, अडकत असेल तर आपला द्यायचा. हे आम्ही करून बघायचो. पेशंट कायम मी. एकदा चटईवर पडल्या पडल्या खरंच डोळा लागला आणि घोरायला लागलो. काकीनं अशी कानाखाली दिली की पुढचा रविवार येईपर्यंत कान वाजत होता.

साहेब अशाच एका बैठकीला आले. आमच्याबरोबर चटईवर बसले. काकीचं ऐकून त्यांनी डोळे पुसले. म्हणाले, "मला साहेब म्हणू नका. दादा म्हणा." ज्यांना घरात घेत नाहीत त्यांच्यासाठी फार्महाऊसमागची खोली देतो म्हणाले. काकीच्या आधी मीच पुढे झालो. "दादांची गॅरंटी माझी," म्हणालो. मोठा गॅरंटी देणारा!

बाळ्याला तिथं मीच सोडला. कडावच्या शेतकरी घरातला, माझा नशेतला जोडीदार. घरच्यांनी त्याला बाहेर काढलेलं. साहेबांनी त्याला बागेच्या कामाला लावलं. गडी सुधारला. फोनवर सांगायचा, "भावड्या, मच्छर फोडून खातात रं. पन कडी नाय लावली."

तर कार्यक्रमाच्या दिवशी बाळ्या आमच्या रांगेत नव्हता. मी साहेबांना विचारलं, "दादा, बाळ्या कुठंय?"

"झोपलाय. सकाळी जरा तोल गेला होता त्याचा. आता मस्त घोरतोय."

घोरतोय. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी आमच्या रांगेत बसलेल्या काकीला म्हणालो, "मागच्या खोलीत बघ गं पटकन," आणि स्टेजवर गेलो. गर्दुल्ला झाला, मुजरा झाला, मग माझी नेहमीची गोष्ट. नशेत मी लग्नाची कमान चुकीच्या घरी नेली होती. त्या घरी दहावा. मी दारात 'शुभविवाह' उभा केला, वर लायटिंग लावली, आणि रडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "नवरदेव कुठाय?" इथं लोक नेहमी लोळतात. लोळायलाच लागले होते.

मांडवामागून काकी ओरडली. "बाहेरनं कडी हाय रं! कुलूप हाय! पोर उठत नाय!"

मी माईकवरच म्हणालो, "दादा, चावी द्या."

लोक हसले.

"हसू नका. आत माणूस मरतोय."

आणखी हसले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, पुढचा भाग सुरू झाला. मी स्वतःची इतकी टिंगल विकली होती की माझ्याकडे खरं वाक्य उरलंच नव्हतं.

साहेबांनी माईकवर हात ठेवला. आवाज चढवला नाही. "पाहुणे जाऊ देत. अँब्युलन्स गेटवर आली तर माझी काय शोभा राहील? तुम्हा लोकांना सवय असते. उठेल तो."

किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात होता. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी तो खिशात टाकला.

तुम्हा लोकांना. चटईवर बसून डोळे पुसणारा माणूस हाच.

"साहेब," मी म्हणालो, "मी दार तोडतोय."

टेंपोतून टामी काढली, चाक खोलायची लोखंडी दांडी. कडीत घातली आणि सगळं अंग टाकलं. कडी कोयंड्यासकट उपटून आली.

बाळ्या उताणा. ओठ काळेनिळे. घशात घरघर, मग काहीच नाही, मग पुन्हा घरघर. काकीनं त्याची हनुवटी वर केली, नाक दाबलं, तोंडाला तोंड लावून श्वास दिला. मी १०८ ला पत्ता सांगत होतो आणि बघत होतो. बाळ्याच्या आजीनं माझ्या आजीच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेलं आहे. आमची काकी त्याच्यात आपला श्वास ओतत होती. "ये रं, ये," म्हणत होती. दोन श्वासांच्या मध्ये.

अँब्युलन्स आली. वॉचमन साहेबांकडे बघत राहिला. मी टामी घेऊन वॉचमनकडे बघत राहिलो. गेट उघडलं.

बाळ्या वाचला. बोलायला लागला तेव्हा पहिलं हे बोलला: "सकाळी थोडी घेतली हुती, भावड्या. सायबांनी बघितलं, आत ढकललं, कुलूप लावलं. घाबरलो रं. खिशात पुडी हुती उरलेली, ती पन घेतली. तुला हाका मारल्या. तू माईक तपासत हुतास. हॅलो, हॅलो."

खरं होतं. मी हॅलो हॅलो करत होतो.

साहेब हॉस्पिटलात फुलं घेऊन आले. सोबत फोटोवाला. "वाचवला की नाही आपण बाळ्याला? पुढच्या कार्यक्रमात याला बोलवू. याची गोष्ट तुझ्यापेक्षा भारी होईल." त्यांचा हात पुन्हा माझ्या खांद्याकडे आला. मी तो मनगटात धरला आणि खाली ठेवला.

"गर्दुल्ला मी होतो," म्हणालो. "तुमचा नव्हतो. आणि बाळ्या कुणाची गोष्ट नाय."

फुलं परत दिली. त्यांच्या मांडवाचं काम सोडलं. विहारातल्या नियमांत एक वाढला: कडी आतून नाही, तशी बाहेरूनही नाही. आता कुणी जागा देतो म्हणाला की मी आधी दाराची बाहेरची बाजू बघतो. गॅरंटी कुणाचीच देत नाही. टामी पूर्वी सीटखाली असायची. आता शेजारी असते.

ही गोष्ट मी कर्जतच्या चौकात सांगतो, कडावात सांगतो, साहेबांच्या गेटसमोर उभा राहूनही सांगितली. कमानीच्या किश्शापाशी लोक अजून हसतात. मी थांबतो. त्यांचं हसणं संपू देतो. मग कडी कुणी लावली ते सांगतो. नाव घेऊन.