मिरच्यांच्या गावाला, तुटक्या स्पॅनिशमध्ये

शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या अल्बुकर्कीहून हॅच नावाच्या मिरच्यांच्या गावाला निघाले, पण खरं कारण मिरच्या नव्हत्या. सोमवारी एका दवाखान्यात मला पेशंटशी स्पॅनिशमध्ये बोलून दाखवायचं होतं. जमलं, तर माझ्या सार्वजनिक आरोग्याच्या कोर्ससाठी तिथे पेशंटमध्ये काम. नाही जमलं, तर सेमिस्टरभर मागच्या खोलीत फायली लावायच्या. सांगलीच्या नर्सिंग कॉलेजात अर्धं आयुष्य शिकवून पन्नाशीला टेकताना मी विद्यार्थिनी झाले, ती काही फायली लावायला नाही.

इथेच फ्रीमाँटला राहणाऱ्या मावसबहिणीचा सल्ला तयारच होता. "अगं ताई, ॲप डाउनलोड कर ना यार! रोज थोडी प्रॅक्टिस केली की झालं."

ॲप केव्हाच केलं होतं. त्याच्या कृपेने 'माकड सफरचंद खातं' हे मला अस्खलित म्हणता येतं. दवाखान्यात अजून तसं माकड आलेलं नाही. म्हणून ठरवलं, शनिवार-रविवार इंग्रजी बंद.

जायला मोठी बस आहे, पण मी मेक्सिकन कुटुंबं वापरतात ती शेअर व्हॅन घेतली. पैसे रोख, सीट ड्रायव्हरच्या मर्जीने. अगदी घरच्यासारखं वाटलं. पंचवीस नंबरचा हायवे सरळ दक्षिणेला जातो. सोकोरो गाव मागे पडलं की रिओ ग्रांदे नदीची हिरवी पट्टी तेवढी सोबत राहते. बाकी सगळं ओसाड, आणि वर एवढं आकाश, की मला, म्हणजे अखंड बडबडणाऱ्या मला, बोलायला काही सुचेना.

शेजारी सत्तरीच्या एल्व्हिराबाई होत्या. हॅचला बहिणीकडे निघाल्या होत्या, मांडीवर खाऊचा डबा. मी वर्गात घोकलेलं वाक्य टाकलं. "तुमचे छंद कोणते?"

"छंद?" बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मागच्या सीटवर कुणीतरी खुसखुसलं.

मग छंद सोडून एसटीत विचारतो ते विचारलं. "मुलं किती?"

"तीन!" बाई चक्क वळून बसल्या. "तुला?"

"एक मुलगी."

"नवरा?"

"भारतात."

"एकटा? स्वयंपाक कोण करतं?"

"तोच."

"आणि तू शाळेत!"

"सेन्योरा," ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "हे माझ्या बायकोला सांगू नका." अख्खी व्हॅन हसली. ज्या चौकशांना सांगलीत मी वैतागायचे, त्याच आता कळताहेत म्हणून हरखून गेले.

"धाकटा डेन्व्हरला असतो," बाई म्हणाल्या. "फोन करतो. येत नाही."

मराठीत माझं उत्तर जिभेवर होतं : सूनबाईंनी व्हिसा नाकारला वाटतं! पण एवढं स्पॅनिश कुठून आणू? नुसतं "का?" म्हटलं आणि थांबले.

बाई नदीकडे बघत राहिल्या. मग हळूहळू बोलू लागल्या. नवऱ्याच्या अंत्यविधीनंतर घरावरून भांडण झालं होतं. मला अर्धंच कळलं, पण एकही शब्द निसटू नये म्हणून मी श्वास रोखून ऐकत होते. शेवटी माझा हात थोपटून त्या म्हणाल्या, "हे मी बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही." ते मात्र पूर्ण कळलं. लहान पोरीएवढे शब्द असलेल्या परक्या बाईला कुणी हे का सांगावं?

हॅचला उतरताच मिरचीचा खमंग धूर नाकात शिरला. सप्टेंबरमध्येच या. दुकानांपुढे जाळीची पिंपं गरगर फिरतात, खालून गॅसच्या ज्वाळा, आत हिरव्या मिरच्या तडतडत काळ्या पडतात. लोक पोत्यांनी नेतात. कुठेही जेवायला बसा, पहिला प्रश्न एकच : लाल की हिरवी? मी ऐटीत हिरवी म्हटलं आणि सांगलीची असूनही डोळे पुसले. राहायला साधं मोटेल मिळतं, आधी फोन करून ठेवा. पुढे लास क्रूसेसपर्यंत गेलात, तर परतताना सीमा पोलिसांची चौकी लागते. पासपोर्ट जवळ हवाच. मी हॅचहूनच रविवारी मागे फिरले.

सोमवारी दवाखान्यात समोर एक आजीबाई बसल्या होत्या, कोपऱ्यात परीक्षक मॅडम. दुखणं विचारण्याआधी मी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" उत्तर लांबलचक आलं. मी मध्ये बोलले नाही. बोलायला शब्द होते कुठे? बोलता बोलता आजीबाईंनी सांगून टाकलं की डायबेटीसच्या गोळ्या त्यांनी कधीच्याच बंद केल्यात.

"तुमचं व्याकरण भयंकर आहे," मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या. "पण गोळ्यांचं आम्हाला आजच कळलं. उद्यापासून या."

खोलीवर येऊन नवऱ्याला फोन लावला, बातमी सांगितली. तो खूश झाला आणि सोसायटीच्या पाण्याच्या मोटरबद्दल बोलू लागला. मोटर, सेक्रेटरी, प्लंबर, पुन्हा मोटर. मराठीत माझ्याकडे टोमण्यांचा तुटवडा नाही, तरी एकही मारावासा वाटला नाही. त्याच्या आवाजात थकवा होता. तो आजचा नसावा.

अचानक तो थबकला. "हॅलो? लाइन कट झाली का?"

"नाही. ऐकतेय."



"तू? ऐकतेयस?" तो काळजीने म्हणाला. "अगं, दवाखान्यात जातेच आहेस उद्या, तर तुलाही दाखवून घे."