मांडवाचे छत आणि तीन तारे

श्रीरामपुरात ज्याच्या घरी मंगलकार्य, त्याच्या दारी गोरक्षनाथ मंडपवाल्यांचा टेम्पो, हा जणू अलिखित संकेतच. हरिनाम सप्ताह असो, चर्चचा सण असो, भीमजयंती असो वा उरूस. बांबू तेच, कनाती त्याच आणि माईकवर "हॅलो, हॅलो" म्हणणारा भारदस्त कंठही तोच. कोणत्या दारी पादत्राणे काढावीत आणि कोणत्या दारी मस्तक झाकावे, हे त्यांना मुखोद्गत होते. त्या ज्ञानाचा त्यांना किंचित अभिमानही होता, आणि तो क्षम्य होता.

गेल्या हिवाळ्यात मोबाईलवरून ज्यूंविषयी विखारी मजकूर फिरू लागला. त्या विषाचा शिंतोडा शेगुलाबाई रोहेकरांच्या दारावर उडाला. कुणीतरी डांबराने 'चालते व्हा' असे लिहून गेले. शेगुलाबाई बेने इस्रायल समाजाच्या, गावातील एकुलत्या एक ज्यू आणि निवृत्त परिचारिका. गोरक्षनाथांची दोन्ही लेकरे त्यांच्याच हातांवर जन्मली. बाईंनी कुणाला दूषण दिले नाही, ट्रंक भरली आणि ठाण्याच्या भाच्याला कळवले, "रविवारी न्यायला ये." स्टेशनपर्यंत ट्रंक पोहोचवण्याचे काम गोरक्षनाथांकडेच आले. त्यांनी ते पत्करले खरे, पण त्या दिवशी त्यांना अन्न गोड लागेना.

मग विहाराच्या महिला मंडळाच्या भागिरथीबाईंनी पदर खोचला. चर्चचा तरुण संघ, मशिदीची जमात आणि पेठेतले गणेश मंडळ यांना त्यांनी एका सतरंजीवर बसवले. दार घासून नवा रंग लागला. शाळाशाळांतून या खोट्या मजकुराविषयी बोलणे झाले. शेवटी सर्वांनी मिळून बाईंच्या अंगणात मालिदा करण्याचे ठरवले. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे मांडून एलियाहू हनाबी या प्रेषितांचे स्मरण करण्याचा हा त्यांच्या समाजाचा मंगलविधी.

"करा. जाता जाता तेवढं होऊ दे," बाई म्हणाल्या.

वार मात्र बाईंना न विचारताच गोरक्षनाथांनी मंडळींना सुचवला. "शनवारी लगीनतिथ न्हाई, जयंती न्हाई. मांडव मोकळाच हाय."

शनिवारी दुपारी अंगणावर गुलाबी चुण्यांचे घट्ट छत चढले, माणसे जमली, आणि बाई उंबऱ्यात येऊन चक्क हसू लागल्या.

"गोरक्षनाथ, आज आमचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार! आज मी काडी ओढत नाही की चूल पेटवत नाही."

गोरक्षनाथांचा चेहरा उतरला.

"काय वो मंडपवाले," भागिरथीबाई कडाडल्या, "समद्या गावाचे सन तोंडपाठ ना तुमाला?"

"चुकलं, बाई," ते पुटपुटले. "आता सोडू का मांडव?"

"आभाळात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो. थांबायची तयारी आहे?"

सगळे थांबले. शेंगा फुटल्या, गप्पा रंगल्या. सूर्य मावळला, तशा साऱ्या माना वर गेल्या आणि गुलाबी चुण्यांना अडकल्या.

"तारे काय झालरीला टांगलेत का?" कुणीतरी विचारले.

कार्य होण्यापूर्वी गोरक्षनाथांनी आजवर एकही मांडव उकलला नव्हता. आज ते स्वहस्ते शिडी लावून चढले आणि एकेक गाठ सोडू लागले. छत सळसळत खाली आले.

"त्यो बघा एक!"

"गप रं, शिर्डीला उतरनारं इमान हाय त्ये!"

हशा विरला आणि मग खरोखरच एक, दोन, तीन तारे उमटले. बाईंनी दीप लावला, ताट मांडले आणि हिब्रू प्रार्थना म्हटली. अखेरचे 'आमेन' चर्चच्या मुलांनी आणि जमातीच्या वृद्धांनी एकदमच उच्चारले; शब्द दोघांच्याही घरचाच होता.

प्रसाद वाटून झाल्यावर गोरक्षनाथ छताची घडी घालत होते. मनात अडलेला प्रश्न त्यांनी कसाबसा विचारला.

"बाई, उद्या ट्रंक किती वाजता घालू टेम्पोत?"

बाईंनी त्यांच्या ओंजळीत मालिदा वाढला.

"ट्रंक राहू दे. भाचा येईल, चार दिवस पाहुणचार घेईल आणि जाईल. आणि पुढच्या वर्षीचा वार मी सांगेन. तुमच्यावर सोपवण्यात काही अर्थ नाही."

"व्हय बाई," गोरक्षनाथ म्हणाले, आणि एवढे गर्वहरण झालेले असूनही त्या रात्री पोटभर जेवले.