नाव घातलेली ताटली

उमरग्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा माझे वडील, अण्णा, माझी बॅग डिकीत ठेवू देईनात. मुंबईच्या विमानतळापर्यंत तेच सोबत येणार होते आणि बॅग मांडीवर घेऊनच बसणार होते. आई खाली खिडकीशी उभी होती. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. खिडकीचा गज धरून एवढंच म्हणाली, “तिकडं कुणी तब्येतीचं विचारलं तर ठणठणीत म्हणायचं. खोलात जायचं नाही.”

मी हसून हो म्हटलं. परक्या मुलखात लेकीला दृष्ट लागू नये म्हणून सांगत असेल, असं वाटलं. गाडी हलली तरी ती चार पावलं सोबत चालली.

“काय सांगितलं?”

“ठणठणीत,” मी म्हणाले. मग तिने गज सोडला.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई आहेत. आई ब्लाउज शिवते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाले, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग हे सिंगापूर. गावाकडे लोक मला हुशार म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. त्यामागे काय होतं, ते मला इथे येऊन कळलं.

इथे ऑफिस वन-नॉर्थला आणि खोली सेंगकांगला. मृणालताई आणि त्यांचे यजमान दोघंही बँकेत आहेत. त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली. सगळं इतकं नीट, इतकं जागच्या जागी होतं की मलाच कुठे बसवत नव्हतं. ऑफिस सुटलं की घरी जायचं सोडून मी एलआरटीत चढायचे. ती छोटी गाडी गोल फिरून पुन्हा सेंगकांगलाच येते. दोन फेऱ्या झाल्या की उतरायचे. उमरग्यात असं कारण नसताना फिरले असते तर कुणीतरी अण्णांच्या कानावर घातलं असतं. इथे कुणी वर मान करून बघत नव्हतं, आणि त्याचंच जास्त वाटायचं.

तिसऱ्या दिवशी एचआरच्या जोआनने आरोग्य विम्याचा फॉर्म पुढे ठेवला. आमची कंपनी लहान, त्यामुळे विमावाले प्रत्येक नव्या माणसाची माहिती वेगळी मागवतात. हृदयविकार, मधुमेह, दमा, क्षय. प्रत्येकापुढे ‘येस’ आणि ‘नो’ असे दोन चौकोन. मी एकेक ओळ वाचत होते. जोआन म्हणाली, “हेल्दी, राइट? देन ऑल नो, लाह.”

आईचं आणि जोआनचं मत एकच निघालं. मी सगळीकडे ‘नो’ केलं आणि सही केली.

त्याच आठवड्यात पाससाठी, म्हणजे इथे काम करायच्या परवान्यासाठी, वैद्यकीय तपासणी होती. क्लिनिकमधल्या वयस्क डॉक्टरांनी माझा एक्स-रे पडद्यावर मोठा करून दाखवला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला एक पांढरट डाग होता, खडूचं बोट लागावं तसा. लहानपणी टीबी झाला होता का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कधीच नाही.

“आस्क युवर मदर,” ते म्हणाले. जुना वण असावा, पण थुंकीचे रिपोर्ट येईपर्यंत मास्क लावून घरीच राहा. पासचं त्यानंतर बघू.

मी आईला फोन केला.

“काय बी झालेलं नाही तुला,” ती म्हणाली. “त्यांचं मशीन बिघडलं असंल.” आणि माप द्यायला बाई आली म्हणून तिने फोन ठेवला. त्याआधी आईने माझा फोन आपणहून कधी ठेवलेला मला आठवत नाही.

आपल्यामुळे मृणालताईंच्या घरी काही नको, म्हणून क्लिनिकमधून येताना मी खालच्या दुकानातून एक स्टीलची ताटली घेतली. चुकून दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून मार्करने तिच्या मागे नाव लिहिलं: वैशाली. लिहून झालं आणि ती ताटली हातात घेऊन मी तशीच बसून राहिले.

माझ्या नावाची ताटली मला नवी नव्हती. चौथीत असताना, काका-काकूंसोबत एकत्र राहायचो तेव्हा, घरातल्या सगळ्या भावंडांत माझ्या एकटीच्याच ताटलीवर नाव घातलेलं होतं. मी वर्गात पहिली आले म्हणून, असं मला सांगितलं होतं. त्याच वर्षी अण्णा आठवड्यातून तीनदा मला सायकलवर बसवून पलीकडच्या गावच्या दवाखान्यात न्यायचे. तिथल्या सिस्टर समोर उभं करून गोळ्या गिळायला लावायच्या. ताकदीच्या गोळ्या. पहिला नंबर येणाऱ्या मुलांनाच सरकार त्या देतं, असं अण्णा म्हणायचे. ते शाळेत नोकरीला, म्हणजे त्यांना माहीत असणारच. नंबर गेला तर गोळ्या आणि सायकलची रपेट दोन्ही जाईल, या भीतीने मी अभ्यासाला लागले. गोळ्या संपल्या, अभ्यास सुटला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीची वेळ गाठून मी अण्णांना फोन लावला.

“अण्णा, त्या ताकदीच्या गोळ्या कशाच्या होत्या?”

पोरांचा गलका दूर गेला; अण्णा बाजूला आले असावेत.

“कुणी सांगितलं तुला?”

“एक्स-रेत दिसलं.”

“सहा महिने होत्या,” अण्णा म्हणाले. “आपल्या गावच्या दवाखान्यात नेलं असतं तर गावभर झालं असतं. तुझं पुढं सगळंच व्हायचं होतं.”

“आणि ताटली?”

“ती तुझ्या काकूनं वेगळी काढायला लावली. नाव मी घालून आणलं. म्हटलं, वेगळी करायचीच तर लेकराला वाईट नको वाटायला.” पुढे म्हणाले, “तुझी आई तुझ्यामागनं त्याच ताटलीत जेवायची. काकूच्या देखत.”

मग घंटा द्यायची वेळ झाली म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मृणालताईंनी ताटली पाहिली. “हे काय, नाव घालून जेवतेस? हॉस्टेल आहे का हे?” मी सगळं सांगून टाकलं. “बरं,” त्या म्हणाल्या, “रिपोर्ट येईपर्यंत असू दे तशीच.” आणि ती त्यांनी ओट्याच्या कडेला वेगळी ठेवली. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही घाबरलेच असते.

ते दिवस कसे काढले, मलाच माहीत. एलआरटी बंद. खोलीत दारापासून खिडकीपर्यंत सात पावलं होत. काम करता करता मी उठून सात पावलं जायचे, सात परत यायचे.

रिपोर्ट चांगले आले. जुना, पूर्ण भरलेला वण. पासही झाला. मृणालताईंनी शिरा केला आणि माझी ताटली आपल्या ताटल्यांत मिसळून टाकली.

उरला तो फॉर्म. “क्षय: नो” आणि खाली माझी सही.

“अगं, संपला विषय. आता कशाला उकरतेस?” मृणालताई म्हणाल्या.

“उद्या काही झालं आणि हा एक्स-रे निघाला, तर पॉलिसीच रद्द होईल,” त्यांचे यजमान म्हणाले. “लिहून टाक.”

दोघांचंही पटत होतं. खरं लिहिलं तर विमा नाकारला जाऊ शकत होता, आणि विम्याशिवाय या देशात आजारी पडणं मला झेपणारं नव्हतं. नोकरीवर काय परिणाम होईल, तेही ठाऊक नव्हतं. मी पुन्हा एलआरटीत बसले आणि किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं विसरले. उतरल्यावर स्टेशनाखालीच उभं राहून आईला फोन केला.

“लिहू नगं,” आई म्हणाली. “कागदावर गेलं की गेलं. तुझं लग्न व्हायचंय अजून.”

“सही केली तेव्हा मला माहीत नव्हतं, आई. आता माहीत आहे.”

“मग विसर.”

“सहा महिने तू माझ्या ताटलीत जेवलीस. त्याच्यापुढं ‘नाही’ असं कसं लिहू?”

या वेळी तिने फोन ठेवला नाही.

सकाळी तिच्या फोनवरून एक फोटो आला. एक पिवळं पडलेलं कार्ड. तारखांचे चौकोन, प्रत्येकात खूण, शेवटी ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का. ब्लाउजच्या मापांची वही आई कुणाच्या हाती देत नाही. त्या वहीच्या कव्हरात ते इतकी वर्षं होतं. फोटोखाली तिचा आवाज होता: “एक बी गोळी चुकली नाही. ते पण लिही त्यांना.”

मी लिहिलं. नवा फॉर्म मागून घेतला, ‘येस’वर खूण केली आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं की उपचार सहा महिने चालले, पूर्ण झाले, एकही गोळी चुकली नाही. जोआनने वाचलं. “दिस लास्ट पार्ट, नोबडी आस्क.” मी म्हटलं, आईने लिहायला सांगितलंय. तिने कार्डाच्या फोटोची प्रत काढून फॉर्मला जोडली. “युवर मदर क्वाइट फिअर्स, आह,” ती म्हणाली. मी म्हटलं, हो, आहे खमकी.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे आता घरून निघणार असतील, त्यांना एवढंच सांगेन: लोणची, मसाले भरून झाले की आईजवळ बसा आणि आपल्याला लहानपणी काय काय झालं होतं ते विचारा. ती नाही म्हणेल. पुन्हा विचारा. मी घर सोडून आले तेव्हा घराची मला पूर्ण ओळख आहे, असं समजत होते. आता उमरगा आठवलं की आमची पत्र्याची खोली किंवा शाळेचं पटांगण आधी येत नाही. तीन माणसांना माहीत असलेली आणि त्यांनी माझ्यापासूनसुद्धा सांभाळलेली एक गोष्ट येते. काकूचाही राग येत नाही. तिनेही ती गोष्ट बाहेर कुणाला सांगितली नव्हती.

काही आठवड्यांनी विमा कंपनीचं पत्र आलं. मला त्यांनी घेतलं होतं. फक्त फुफ्फुसांचे आजार वगळून.

आईला फोन करून सांगितलं. पलीकडे शिलाईचं मशीन चालू होतं.

“विमा झाला म्हणजे?”

“सगळ्याचा झाला. फुफ्फुसं सोडून.”

“त्यांचं काय?”

“ती नाही घेतली त्यांनी.”

मशीन थांबलं.

“राहू दे,” आई म्हणाली. “तेवढं आमच्याकडं.”